निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा : प्रकृती धडधाकट असतानाच करायचे काम

मे महिन्याची अखेर आली की आपल्याकडे निरोप समारंभांची गर्दी उडते. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून हीच जन्मतारीख मांडत. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातले कितीतरी शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक आणि शिपाई ३१ मे रोजी एकाच दिवशी घरी बसतात. शाल-श्रीफळ होते, फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत जमा होतात. मग घराचा वरचा मजला, मुलीचे लग्न, चारधाम असे बेत ठरू लागतात. आजारपणाचा बेत कोणी करत नाही आणि करूही नये. परंतु त्याच्या खर्चाचा बेत मात्र याच दिवसांत करावा लागतो.

नोकरीत असताना सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला मोठ्या आजाराच्या बिलाची प्रतिपूर्ती मिळत असते. बँकेत किंवा चाकण-भोसरीच्या कारखान्यात असलेल्यांना कंपनीचा गटविमा असतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी यातले बहुतेक संपते. गंमत अशी की, वीस-पंचवीस वर्षे ही सोय हाताशी होती तेव्हा शरीराला तिची गरज फारशी पडली नाही, आणि गरज पडण्याचे वय सुरू झाले तेव्हा ती सोय गेली.

"डॉक्टर, मला साधी गोळीसुद्धा चालू नाही. मग दरवर्षी एवढा हप्ता कशाला भरायचा?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी कानावर पडतो. प्रश्न रास्त आहे. पण विमा कंपनी ही धर्मादाय संस्था नव्हे. ज्याला गोळी चालू नाही अशाच माणसाला ती खुशीने आणि कमी हप्त्यात पॉलिसी देते. आजार निघाल्यावर अर्ज केला तर ती नाकारू शकते, हप्ता वाढवू शकते किंवा थांबायला लावते.

हे थांबणे म्हणजे वेटिंग पिरियड. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी कशाचेही पैसे मिळत नाहीत. त्यानंतर ठराविक आजारांची एक यादी असते, त्यांच्यासाठी साधारण २ वर्षे थांबावे लागते. ती यादी वाचकांनी एकदा मुद्दाम वाचावी. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसिल, मूळव्याध, मूतखडा, प्रोस्टेटची गाठ, बायकांच्या गर्भाशयाचे ऑपरेशन. म्हणजे साठीच्या पुढे आमच्याकडे जे जे येते ते सगळे तीत आहे. गुडघा बदलण्यासाठी तर याहून जास्त थांबावे लागते. अर्ज करतेवेळी जो आजार आधीपासून आहे, त्याच्यासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३ वर्षे थांबवता येते. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४ वर्षांची होती.

आता हिशोब करा. ५८ व्या वर्षी पॉलिसी घेतलेला माणूस ६१ व्या वर्षी या सगळ्या अटींतून मोकळा होतो, आणि ती ३ वर्षे बहुधा त्याची बरी जाण्याची वर्षे असतात. ज्याने ६५ व्या वर्षी, मोतीबिंदू पिकल्यावर आणि लघवीला त्रास सुरू झाल्यावर अर्ज केला, तो नेमक्या गरजेच्या वर्षांत थांबून राहतो. ६५ नंतर पॉलिसीच मिळत नाही, ही समजूत मात्र आता काढून टाकावी. एप्रिल २०२४ पासून वयाची ती आडकाठी उठली आहे. तरी अर्ज स्वीकारायचा की नाही हे कंपनीच ठरवते, आणि हप्ता वयाप्रमाणे चढतोच.

यानंतरचा मुद्दा नाजूक आहे, पण डॉक्टर या नात्याने मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मला काहीच नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण खरे तर 'मी कधी तपासलेच नाही' असे म्हणत असतात. रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही आजार वर्षानुवर्षे दुखत-खुपत नाहीत. म्हणून निवृत्त झालेल्या प्रत्येकाने, विमा घ्यायचा असो वा नसो, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, लघवी आणि कार्डिओग्राम एवढे करून घ्यावे. यावर काही चतुर मंडळी सांगतात, "आधी पॉलिसी घ्या, मग तपासण्या करा, म्हणजे लिहायला काही नको." हा सल्ला मला मान्य नाही. न सापडलेली साखर विम्याची मुदत पाहून थांबत नाही. ती मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा खात राहते. आणि त्या वयात कंपनी बऱ्याचदा स्वतःच तपासणी करून घेते, तेव्हा ती निघतेच.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे आजार माहीत असून अर्जात लपवणे. अर्जावर सरळ प्रश्न असतात : रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, कधी ॲडमिट होता का, कोणती औषधे चालू आहेत. एजंट घाईत सगळीकडे 'नाही' लिहितो आणि आपण खाली सही करतो. पुढे हृदयविकाराने रुग्णालयात नेले की तिथले डॉक्टर पहिल्याच पानावर विचारून लिहितात, 'मधुमेह ८ वर्षांपासून'. घरची मंडळी त्या वेळी खरे तेच सांगतात, आणि तसेच सांगायला हवे, कारण उपचार त्यावर ठरतात. तो कागद कंपनीकडे गेला की क्लेम फेटाळला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग नातेवाईक माझ्याकडे येतात : "साहेब, साखर आत्ताच निघाली असं लिहून द्या." असे मी लिहून देत नाही, आणि कोणाही डॉक्टरने देऊ नये. खोटा दाखला पकडला गेला तर रुग्णाचा उरलासुरला हक्कही जातो.

खरे लिहिल्याने काय होते? फार तर हप्ता थोडा वाढतो, किंवा त्या आजारासाठी ३ वर्षे थांबावे लागते. ३ वर्षे निघून जातात. शिवाय पॉलिसी सलग ५ वर्षे चालली की अर्जात काही सांगितले नव्हते एवढ्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते. ही मुदत २०२४ पर्यंत ८ वर्षांची होती. तेव्हा अर्ज स्वतः वाचा, स्वतः भरा, चालू औषधांची चिठ्ठी जोडा आणि भरलेल्या अर्जाची प्रत जवळ ठेवा.

पैसे खर्च करण्यापूर्वी जे फुकट आहे ते पदरात पाडून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही पूर्वी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ साली सुरू झाली, आणि बरीच वर्षे ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सर्वांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि २०२४ पासून पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तीत आली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली असून, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयात मिळतात. पेन्शनर आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही, असे समजून घरी बसलेले लोक आजही भेटतात. त्यांनी आधी शिधापत्रिका आणि आधार घेऊन कार्ड काढून घ्यावे.

इथे आपल्या भागातली एक खास अडचण सांगितली पाहिजे. जुन्नर-आंबेगावची हजारो माणसे मुंबईत राहून निवृत्त होतात : कोणी डबेवाले, कोणी माथाडी, कोणी भाजी मार्केटला. गावी परत येतात, पण शिधापत्रिका मुंबईच्या पत्त्यावर, नाहीतर मुलाच्या कार्डात राहते. कोणाचे नाव आधारवर एक आणि शिधापत्रिकेवर दुसरेच. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत तर हा घोळ फारच आहे. रुग्ण स्ट्रेचरवर असताना नावातली वेलांटी दुरुस्त करत बसण्याची पाळी येऊ देऊ नका. तहसील कचेरीत हे काम आत्ता, पायात चालायचे बळ असताना करून टाकावे.

वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. त्याला उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरचे धरतात, आणि खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्र सरकारची सीजीएचएस ज्यांना आहे, त्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते.

मग स्वतःचा विमा कशाला, असे कोणी म्हणेल. सरकारी योजना मोठ्या ऑपरेशनांना, कॅन्सरला, अँजिओप्लास्टीला, डायलिसिसला चांगलीच उपयोगी पडते. पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरती चालते, योजनेत असलेल्या रुग्णालयातच चालते, आणि यादीतले काही उपचार सरकारी रुग्णालयासाठीच राखून ठेवलेले असतात. न्यूमोनियाने किंवा डेंग्यूने जवळच्या खासगी रुग्णालयात पाच दिवस काढले आणि ते रुग्णालय योजनेत नसले, तर भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. नारायणगावाहून पुणे ७५ किलोमीटर, जुन्नरहून त्याहून लांब. रात्री दोन वाजता माणूस जवळचे दार ठोठावतो, योजनेची यादी पाहत नाही. ही फट बुजवण्यापुरता आपला विमा असावा, असे माझे मत आहे. ज्यांची ऐपत अगदीच नाही त्यांनी कर्ज काढून हप्ता भरू नये. त्यांनी योजनेचे कार्ड तयार ठेवावे, आपल्या जवळचे योजनेतले रुग्णालय कोणते हे आधीच विचारून ठेवावे, आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाला किंवा ससूनला कमी लेखू नये. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते, आणि योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो.

आता विकत घ्यायच्या पॉलिसीबद्दल. आपल्याकडे मेडिक्लेम हा शब्द १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला. तेव्हा मोजक्याच पॉलिसी होत्या. आता इतक्या आहेत की माहितीपत्रके वाचूनच रक्तदाब वाढावा. ज्यांना फार डोके चालवायचे नाही त्यांच्यासाठी 'आरोग्य संजीवनी' नावाची पॉलिसी आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना ती एकाच नावाने आणि एकसारख्या अटींवर विकावी लागते. अटी सारख्या असल्याने तुलना फक्त हप्त्याची आणि कंपनीच्या सेवेची उरते. खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५ हजारांपर्यंतच. अतिदक्षता विभाग दिवसाला १० हजारांपर्यंत. मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे जास्तीत जास्त ४० हजार. आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपल्या खिशातून. ही पॉलिसी सर्वोत्तम आहे असे मी म्हणत नाही, पण मोजपट्टी म्हणून ती चांगली आहे. एजंट दुसरी कोणतीही पॉलिसी घेऊन आला तर तिच्या अटी या अटींशेजारी ठेवून पाहाव्यात.

खोलीच्या भाड्याची अट लोकांना किरकोळ वाटते. सर्वांत जास्त भांडणे तिच्यावरूनच होतात, म्हणून उदाहरणच घेऊ. समजा पॉलिसीत खोलीला दिवसाला ३ हजारांची मर्यादा आहे आणि आपण ६ हजारांची खोली घेतली. पाच दिवसांचे भाडे ३० हजार. सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरे ८० हजार. औषधे, आत बसवलेला सांधा किंवा प्लेट आणि तपासण्या मिळून ९० हजार. एकूण बिल २ लाख. आपल्याला वाटते, भाड्याचे जादा १५ हजार गेले. तसे होत नाही. खोली दुप्पट दराची म्हणून सर्जन, थिएटर आणि नर्सिंगचेही निम्मेच पैसे मिळतात. म्हणजे भाडे १५ हजार, ते ४० हजार आणि औषध-तपासण्यांचे पूर्ण ९० हजार, मिळून १ लाख ४५ हजार. त्यातून ५ टक्के वजा, म्हणजे ७,२५०. हाती १ लाख ३७ हजार ७५० आणि पदरचे गेले ६२,२५०. हाच माणूस ३ हजारांच्या खोलीत राहिला असता आणि बाकी खर्च तोच धरला, तर १ लाख ८५ हजारांच्या बिलात त्याचे फक्त ९,२५० गेले असते. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एसी आणि सोफ्याची खोली घेणाऱ्यांनी हा हिशोब भिंतीवर लावावा.

दुसरी अट आपल्या तालुक्यांना विशेष लागू आहे. काही पॉलिसींत गावाप्रमाणे हप्ता असतो. जुन्नरच्या पत्त्यावर तो मुंबईपेक्षा स्वस्त पडतो आणि आपण खूश होतो. पण त्याच पॉलिसीत बारीक अक्षरात असते की, मोठ्या शहरात उपचार घेतल्यास बिलाचा अमुक इतका हिस्सा रुग्णाने भरावा. आपल्या भागातला गंभीर रुग्ण अखेर पिंपरी, पुणे किंवा मुंबईलाच जातो. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा : पुण्यात किंवा मुंबईत ॲडमिट झालो तर काही कापणार का? उत्तर लेखी घ्या. त्याबरोबर मंचर, नारायणगाव, आळेफाटा, चाकण आणि पिंपरी इथली कोणती रुग्णालये कंपनीच्या कॅशलेस यादीत आहेत तेही पाहा. यादीत नावे दोनशे आणि सगळी कोथरूड-औंधची असली, तर आपल्याला त्यांचा उपयोग थोडाच.

रक्कम किती घ्यावी? नवरा-बायको दोघांचीही प्रकृती चांगली असेल तर ३ ते ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, अशी जोडी एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा साधारणपणे स्वस्त पडते. सुपर टॉप-अप म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही सोसा, वरचा कंपनी सोसेल. ती रक्कम तुम्ही दुसऱ्या पॉलिसीतून भरा किंवा ठेवीतून. यातही साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत घोटाळा होतो. समजा मर्यादा ३ लाखांची आहे आणि एका वर्षात दोनदा ॲडमिट व्हावे लागले, एकदा २ लाख आणि एकदा अडीच लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे धरतो; एकही बिल ३ लाखांवर गेले नाही म्हणून तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे दीड लाख देतो. ज्यांच्याकडे फंडाचे पैसे आहेत त्यांनी ३ लाख आजारपणासाठी म्हणून वेगळे ठेवून फक्त सुपर टॉप-अप घेतला तरी चालण्यासारखे आहे. मात्र त्या ठेवीला ट्रॅक्टरसाठी हात लावायचा नाही, हे घरात आधी ठरले पाहिजे.

मुलाच्या फ्लोटरमध्ये आईवडिलांची नावे घालण्याची पद्धत पडली आहे. फ्लोटरचा हप्ता सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो, आणि रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते. त्यापेक्षा आईवडिलांची पॉलिसी वेगळी असावी. कंपनीच्या गटविम्यातून बाहेर पडणाऱ्यांनी निवृत्तीच्या निदान दीड महिना आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करावा. गटविम्यात काढलेली वर्षे वेटिंग पिरियडमध्ये मोजली जातात. शेवटचा दिवस उलटून गेला की हे होत नाही. ईएसआयच्या कामगाराने निदान ५ वर्षे विमापात्र नोकरी करून नियत वयात निवृत्ती घेतली असेल, तर नाममात्र वर्गणी भरून पती-पत्नीला ईएसआयचे उपचार पुढेही मिळतात. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी निवृत्तांसाठीच्या गट वैद्यकीय विम्याची चौकशी आपल्या कार्यालयात निवृत्तीपूर्वीच करावी.

हप्त्याबाबत दोन बऱ्या बातम्या. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने असेही बजावले की, साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते, त्यात भरल्यास जुनी वर्षे वाया जात नाहीत. पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांत आजारी पडल्यास पैसे मिळत नाहीत. शेतकऱ्याचा हात टोमॅटो-कांद्याच्या पैशावर चालतो. त्याने पॉलिसीची तारीखच अशी पाहून घ्यावी की तेव्हा घरात पैसे असतील.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यावर ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते. ते ३० दिवस वाचनासाठी आहेत. समजत नसेल तर गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला बसवून वाचून घ्या. पॉलिसी क्रमांक, कंपनीचा फोन आणि चालू औषधांची यादी एका कार्डावर लिहून ते घरातल्या दोघांना दाखवून ठेवा. आजारी पडणारा माणूस स्वतः कपाट उघडायला येत नाही. अचानक ॲडमिट व्हावे लागले तर २४ तासांच्या आत कंपनीला कळवावे. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने १ तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम बिलावर ३ तासांत निर्णय द्यावा, असा २०२४ पासून नियम आहे. उशीर होऊ लागला तर काउंटरवर हा नियम नावानिशी सांगावा. केसपेपर, बिले, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या झेरॉक्स काढल्याशिवाय मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नयेत.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातील विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.